बाजाराखालून धावणारी गाडी

परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड या गावांतील व्यापारी घराण्यांत ‘मुंबईला जाणे’ या शब्दांना केवळ प्रवासाचा अर्थ कधीच नव्हता. त्यात लग्नसराईची खरेदी होती, पेढीवरचा मागचा हिशेब होता, आजारी माणसाला मोठ्या डॉक्टरांना दाखवणे होते आणि जमल्यास उपनगरात राहणाऱ्या आतेबहिणीच्या घरी एक मुक्कामही होता. मोंढ्यातील दुकानाचे शटर दोन दिवस अर्धेच उघडे राहिले की शेजारी समजून घेत, की शेठजी माल पाहायला गेले आहेत.

हा प्रवास मुळात सोपा नव्हता. निजामाच्या राजवटीत, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडपर्यंत जो लोहमार्ग आला तो मीटरगेज होता आणि मनमाडच्या पुढे ब्रॉडगेज. त्यामुळे परभणीहून निघालेल्या माणसाला मनमाडला गाडी बदलणे अटळ असे. रात्री-अपरात्री फलाटावर ट्रंका, वळकट्या, फराळाचे डबे आणि झोपलेली मुले सांभाळत पुढच्या गाडीची वाट पाहणे हा प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणीतील एक ठरलेला अध्याय आहे. रूळ रुंद झाले आणि थेट गाड्या आल्या. त्या इतक्या अंगवळणी पडल्या, की आज देवगिरी एक्सप्रेसमध्ये रात्री जेवणाआधीच वरच्या बर्थवर जाऊन झोपणाऱ्या नातवाला मनमाडचे महत्त्व समजावून सांगावे लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये जालन्याची वंदे भारत नांदेडपर्यंत वाढवण्यात आली आणि परभणीकरांना पहाटे बसून दुपारी मुंबईत उतरण्याचीही सोय झाली.

साडेपाचशे किलोमीटरचा हा भाग असा सुधारत गेला. खरी दमछाक व्हायची ती त्यानंतरच्या पंधरा-वीस किलोमीटरांत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरल्यावर बाजार जवळ होता, पण बाजारातून पुढे कुठेही जायचे म्हटले, की टॅक्सीचा मीटर किंवा लोकलची गर्दी यांपैकी एक संकट निवडावे लागे. साठी ओलांडलेल्या माणसाने, हातात दोन पिशव्या घेऊन, संध्याकाळी सहा वाजता चर्चगेटहून निघालेल्या लोकलमध्ये मरीन लाइन्सला चढण्याचा प्रयत्न एकदा केला, की तो दुसऱ्यांदा करीत नाही. म्हणून कित्येक जण बाजार आटोपला, की नातलगांना दूरध्वनीवरूनच खुशाली विचारून रात्रीच्या गाडीने परतत. मुंबईत जाऊनही बहिणीला न भेटता आल्याची चुटपुट अनेकांनी वर्षानुवर्षे बाळगली आहे.

मुंबईची पहिली भुयारी मेट्रो, म्हणजे ‘ॲक्वा लाइन’ या नावाने ओळखली जाणारी मार्गिका ३, या शेवटच्या टप्प्यासाठी महत्त्वाची आहे. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा तिचा पहिला भाग ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. मे २०२५ मध्ये ती वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी कफ परेडपर्यंतच्या अखेरच्या भागाचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून संपूर्ण मार्ग प्रवाशांना खुला झाला. एकूण लांबी साडेतेहतीस किलोमीटर आणि २७ स्थानके. त्यांपैकी आरेचे एक स्थानक जमिनीवर, बाकी सगळी पोटात.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली आगगाडी गेली तिचे अंतरही ३४ किलोमीटरच होते. म्हणजे १७२ वर्षांनंतर मुंबईने जवळजवळ तेवढीच वाट पुन्हा बांधली, या वेळी जमिनीखालून. पहिल्या रेल्वेसाठी खटपट करणाऱ्या आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या संचालकांत असलेल्या नाना शंकरशेट यांचे नाव या नव्या मार्गावरील मुंबई सेंट्रलजवळच्या स्थानकाला दिले आहे. नाना स्वतः व्यापारी घराण्यातले आणि गिरगावचे. त्यांच्याच नावाच्या रस्त्याच्या परिसरातून ही भुयारे गेली आहेत.

जगाच्या दृष्टीने हे काही नवल नाही. लंडनमध्ये १० जानेवारी १८६३ रोजी वाफेच्या इंजिनाची गाडी जमिनीखालून धावली होती. त्या धुरात माणसे कशी बसत असतील, याची कल्पना केलेली बरी. भारतात हा मान कोलकात्याचा, २४ ऑक्टोबर १९८४ चा. पुण्यातही सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही गाडी कसबा आणि मंडईच्या खालून जाते. परभणी जिल्ह्यातील जी मुले शिक्षणासाठी पुण्यात आहेत त्यांनी आपल्या आईवडिलांना भुयारी मेट्रोचा पहिला अनुभव बहुधा तिथेच दिला असेल. मुंबईच्या मार्गाचे वेगळेपण त्याच्या स्थानकांच्या ओळीत आहे.

टर्मिनसच्या इमारतीलगत जिने खाली उतरतात. सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे. गुडघ्यांची तक्रार असलेल्या आजींना त्याचे मोल अधिक. खाली उतरताच पहिला बदल जाणवतो तो आवाजाचा. वरचे भोंगे, टॅक्सीवाल्यांच्या हाका, हातगाड्यांची खडखड एकाएकी मागे पडते. तिकीट घेतले, की पिशव्या तपासणी यंत्रातून जातात, मग पुन्हा एकदा खाली. फलाटाच्या कडेला काचेची भिंत आहे, तिची दारे गाडी आल्यावरच उघडतात. रुळांवर कोणी पडण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे लहान मुलाचा हात थोडा सैल सोडला तरी चालते. आठ डब्यांची गाडी येते, वातानुकूलित आणि स्वच्छ. या गाड्या आंध्र प्रदेशातील श्रीसिटी येथील कारखान्यात तयार झाल्या आहेत. स्थानकाची नावे मराठीतून ऐकू येतात. चर्चगेट, हुतात्मा चौक, काळबादेवी, गिरगाव अशी ओळखीची नावे, पण खिडकीबाहेर फक्त काळोख. बाहेर काही नाही म्हटल्यावर माणसे एकमेकांकडे किंवा मोबाइलकडे पाहतात.

हा काळोख खोदण्यासाठी १७ बोगदा-यंत्रे मुंबईच्या पोटात उतरवली होती. काळ्या बेसाल्टच्या थरातून, जुन्या इमारतींच्या पायाखालून आणि धारावी ते वांद्रे-कुर्ला संकुल या दरम्यान चक्क मिठी नदीच्या पात्राखालून त्यांनी वाट काढली. स्थानकांची खोली बहुतेक ठिकाणी २० ते २५ मीटर, म्हणजे सहा-सात मजली इमारत उलटी पुरावी इतकी. काळबादेवीसारख्या जागी रस्ता इतका अरुंद, की वरून मोठा खड्डा खणून स्थानक बांधणे शक्यच नव्हते; जमिनीच्या आतूनच खडक फोडत ते घडवावे लागले.

परभणीच्या व्यापाऱ्याने या गाडीचा हिशेब व्यापाऱ्याच्याच नजरेने करावा. टर्मिनसवर उतरून मंगळदास मार्केट, मुळजी जेठा मार्केट किंवा झवेरी बाजार गाठायचा असेल तर मेट्रोची गरज नाही. एका स्थानकासाठी खाली उतरणे, पिशवी तपासून घेणे, पुन्हा वर येणे आणि काळबादेवी स्थानकापासून झवेरी बाजारापर्यंत पुन्हा चालणे, इतक्या वेळात क्रॉफर्ड मार्केटच्या वाटेने पायीच पोहोचता येते. पूर्वीचे लोक तसेच जात आणि आताच्यांनीही तसेच जावे. वाटेत दोन दुकाने पाहून होतात, हा फायदा वेगळाच. घाटकोपर-मुलुंडच्या नातलगांकडे जायचे असेल तरीही मध्य रेल्वेची लोकलच सरळ पडते, बोरिवली-कांदिवलीला पश्चिम रेल्वेची. भाड्याचे म्हणाल तर मेट्रोचे किमान तिकीट १० रुपये आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७० रुपये. लोकलच्या दुसऱ्या वर्गापुढे हे महागच आहे. पण चौघांच्या कुटुंबाला अगदी टोकापर्यंत जायचे म्हटले तरी २८० रुपये लागतात, आणि तेवढ्या अंतराची टॅक्सी मुंबईच्या संध्याकाळी कितीला पडते हे सांगायला नको.

मेट्रोचा खरा उपयोग सुरू होतो तो दुपारनंतर, एक बाजार आटोपून दुसरा गाठायचा असतो तेव्हा.

सोने-हिऱ्यांच्या व्यवहारात असलेल्या घरांना ही गोष्ट लगेच ध्यानात येईल. सराफीचे जुने हृदय झवेरी बाजारात, त्याचे स्थानक काळबादेवी. हिऱ्यांचा जुना बाजार ऑपेरा हाउसच्या परिसरात, त्याला जवळचे गिरगाव. २०१० मध्ये हिरेबाजाराने आपले बिऱ्हाड वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये नेले, तिथेही या मार्गाचे स्थानक आहे. आणि दागिने घडवून परदेशी पाठवणारे कारखाने अंधेरीच्या सीप्झमध्ये. तेही याच मार्गावरील, शेवटून दुसरे स्थानक. मार्गाची आखणी करणाऱ्यांच्या मनात हे होते की नाही, हा प्रश्न बाजूला राहू द्या. एका व्यवसायाचे चारही मुक्काम एकाच दोऱ्यात ओवले गेले आहेत हे खरे. जिंतूरच्या किंवा गंगाखेडच्या छोट्या सराफाला झवेरी बाजारात घडणावळ ठरवून त्याच दिवशी वांद्र्याला खडे पाहायला जाणे आजवर परवडत नव्हते. पैसे असत, वेळ नसे. दोन ठिकाणांसाठी दोन दिवस धरावे लागत, आणि दोन दिवस म्हणजे मुक्काम. आता काळबादेवीहून वांद्रे-कुर्ला संकुल अर्ध्या तासाच्या आत येते. तो सकाळी झवेरी बाजारात असेल, दुपारी बोर्सच्या परिसरात आणि रात्री पुन्हा टर्मिनसवर. लहान व्यापाऱ्याला दलालाच्या शब्दावर अवलंबून न राहता स्वतः चार ठिकाणचे भाव पाहता येणे, ही बाजारात फार मोठी गोष्ट असते.

दुसरा उपयोग घराचा आहे, आणि जैन कुटुंबांना तो अधिक भिडेल. लग्नसराईच्या दिवसांत, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. बाजार मात्र त्यानंतरही दोन तास चालू असतो. ज्यांच्या घरी चौविहाराचा नेम आहे, त्यांची या वेळी मोठी ओढाताण होते. खरेदी अर्धवट टाकावी, की बरोबर आणलेले खाकरे दुकानाच्या पायरीवर बसून संपवावेत? काळबादेवी-भुलेश्वरात शुद्ध भोजनाची सोय मिळते, हिराबागेसारखी धर्मशाळाही सी. पी. टँकला आहे, दानवीर शेठ माणिकचंद झवेरी यांनी वडिलांच्या नावे उभारलेल्या या वास्तूने दूरच्या गावांतून आलेल्या किती पिढ्यांना आसरा दिला याची गणती नाही. पण बहिणीच्या हातची गरम भाकरी ती बहिणीच्या हातची. ती सांताक्रूझला किंवा मरोळला राहत असेल तर पूर्वी साडेचारला निघूनही सहापर्यंत पोहोचण्याची खात्री देता येत नसे. तीच खात्री आता साडेचारची गाडी पकडणाऱ्याला देता येते. गाडीला सिग्नल लागत नाही, वरातीत अडकत नाही, मंत्र्यांसाठी थांबत नाही. संपूर्ण मार्ग सुरू झाल्यापासून गर्दीच्या वेळी साधारण पाच मिनिटांना एक गाडी आहे.

एक गंमत मात्र आहे. भुयारात सूर्य दिसत नाही. वर दिवस आहे की रात्र, हे कळायला घड्याळाशिवाय दुसरा उपाय नाही. या संदर्भात हुतात्मा चौक आणि चर्चगेट या स्थानकांच्या परिसरात वर उभ्या असलेल्या राजाबाई मनोऱ्याची आठवण होणे साहजिक आहे. सुरतेहून आलेले कापसाचे प्रख्यात जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून तो उभा राहिला आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव त्याला मिळाले. १८७८ मध्ये तो पूर्ण झाला. वृद्ध मातेला दिसत नसे आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा तिचा नियम होता, म्हणून घंटेच्या आवाजावरून तिला वेळ कळावी, अशी या मनोऱ्यामागची हकीकत पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. तिच्या पलीकडचे सत्य काहीही असो, कापसाच्या पैशातून आईसाठी बांधलेला मनोरा ही कापसाच्या जिल्ह्यातील माणसाला आपलीशी वाटणारी गोष्ट आहे. सेलू-मानवतचा कापूस जिनिंगमधून मुंबईकडे जात असे आणि त्याचेच कापड होऊन मंगळदास मार्केटमधून परभणीच्या दुकानात परत येत असे. या येण्याजाण्यावर कित्येक घराणी उभी राहिली. आता त्या मनोऱ्याच्या परिसरात खाली गाडी थांबते, आणि घंटेचा आवाज खाली पोहोचत नाही.

ही सगळी सोय कोणाच्या जिवावर झाली, याचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुढे नेता येणार नाही. काळबादेवी-गिरगावची दोन स्थानके बांधण्यासाठी त्या रस्त्यावरील जुन्या इमारती रिकाम्या कराव्या लागल्या. चाळींतून तीन-चार पिढ्या राहिलेली कुटुंबे आणि खालच्या मजल्यावरचे दुकानदार हलवले गेले. त्याच भागात नव्या इमारतीत जागा देण्याचे धोरण ठरले, आणि महामुंबईत विस्थापितांना शहराबाहेर फेकण्याची जी रीत आहे तिच्या तुलनेत हे अधिक माणुसकीचे होते, हे मान्य करावे लागेल. पण दुकानदाराचे दुखणे वेगळे असते. राहत्या घराच्या बदल्यात घर मिळते. दुकानाच्या बदल्यात दुकान मिळाले तरी त्याच्याबरोबर गिऱ्हाईक मिळत नाही. पन्नास वर्षे एका कोपऱ्यावर बसलेल्या माणसाचे अर्धे भांडवल त्या कोपऱ्यातच असते. आणि ज्यांची दुकाने हलली नाहीत, त्यांच्या दारापुढे वर्षानुवर्षे निळे-पांढरे पत्रे उभे होते. रस्ता अर्धा, हातगाडीला जागा नाही, धूळ इतकी की पांढरे कापड बाहेर मांडायची सोय नाही. मोंढ्यात दुकानापुढे नाली खोदली आणि पंधरा दिवस बुजवली नाही तर काय होते, हे परभणीच्या व्यापाऱ्याला ठाऊक आहे. त्यावरून त्याने काळबादेवीच्या भाऊबंदांच्या वर्षांचा अंदाज बांधावा.

श्रद्धास्थानांचीही चिंता होती. पारशी समाजाच्या आतश बेहराम या पवित्र अग्निमंदिरांजवळून भुयारे जाणार म्हणून त्या समाजातील मंडळी उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने अखेर काम पुढे जाऊ दिले, पण पिढ्यांच्या वास्तूखाली यंत्र फिरणार म्हटल्यावर पोटात कसे गलबलते, हे पायधुनीच्या गोडीजी पार्श्वनाथ मंदिराशी दोनशेहून अधिक वर्षांचे नाते असलेल्या समाजाला सांगायला नको.

आणि आरेची झाडे. गाड्यांच्या आगारासाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये रात्रीच्या अंधारात जी वृक्षतोड सुरू झाली, तीत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती येईपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. त्यानंतर आगार कांजूरमार्गला नेण्याचा आणि पुन्हा आरेला आणण्याचा निर्णय झाला. या घोळात वर्षे गेली, खर्च वाढला. सुरुवातीला २३ हजार कोटींचा मानला गेलेला प्रकल्प ३७ हजार कोटींच्या पुढे गेला, आणि त्यातील मोठा वाटा जपानकडून घेतलेल्या कर्जाचा आहे. हजारो मोटारींचा धूर कमी होईल हा युक्तिवाद खोटा नाही. पण झाड म्हणजे केवळ लाकूड नव्हे. त्यावरचे घरटे, ढोलीतील जीव, सालीखालचे किडे हे सगळे एका झाडात धरायचे, असे ज्या घरांत लहानपणापासून शिकवले जाते, त्यांना या गाडीत बसताना आरेचे नाव थोडे टोचले तर ते योग्यच आहे.

निसर्गानेही एक झटका दिला. आचार्य अत्रे चौकापर्यंतची सेवा सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तोच २६ मे २०२५ च्या पावसात त्या स्थानकात पाणी घुसले. बांधकाम चालू असलेल्या प्रवेशमार्गातून गढूळ लोट थेट फलाटावर आला आणि तिथली सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. पावसाळ्यात, विशेषतः चातुर्मासात साधू-साध्वींच्या दर्शनासाठी मुंबईला जाणाऱ्यांनी, वरच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी असेल तेव्हा खाली सेवा चालू आहे का हे आधी विचारून घेणे शहाणपणाचे.

काही व्यवहाराच्या गोष्टी. मार्ग सुरू झाला तेव्हा भुयारात बहुतेक मोबाइल कंपन्यांचे नेटवर्क मिळत नव्हते. खिशात रोख न ठेवता सगळे व्यवहार मोबाइलवर करणाऱ्या तरुण मंडळींची त्यामुळे चांगलीच फजिती झाली. तिकिटासाठी स्थानकात वायफाय आहे, पण शंभराच्या दोन नोटा जवळ असलेल्या आजोबांना त्याची वाट पाहावी लागत नाही. पेढीवर ‘भाव पक्का करून पाच मिनिटांत सांगतो’ असा शब्द देऊन खाली उतरू नये, एवढे लक्षात ठेवावे. जांगडवर घेतलेला माल, मग तो चार अंगठ्यांचा का असेना, जवळ असेल तर त्याची चिठ्ठी वेगळ्या खिशात ठेवावी. पिशवी यंत्रातून जाते आणि विचारणा झालीच तर कागद बोलतो. डबा गाडीत उघडायचा नाही. खाणेपिणे तिथे चालत नाही, आणि भुकेल्या मुलांना हे आधीच सांगितलेले बरे. रात्री साडेदहाच्या सुमारास शेवटची गाडी सुटते.

दवाखान्यासाठी जाणाऱ्यांनाही हा मार्ग उपयोगी आहे. गिरगावात प्रार्थना समाजाजवळचे पूर्वीचे हरकिसनदास, आताचे रिलायन्स रुग्णालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय ही दोन्ही या स्थानकांपासून जवळ आहेत. मोठ्या आजाराचे निदान ऐकायला गेलेल्या माणसाला परतीच्या वाटेवर निदान बसायला जागा आणि थंड हवा मिळणे, ही सोय कागदावरच्या कोणत्याही आकडेवारीत येत नाही. विद्यापीठाच्या कलिना परिसराला वांद्रे कॉलनी हे स्थानक आहे. परदेशी राहणाऱ्या मुलांना निरोप द्यायला जाणाऱ्यांसाठी विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांना स्वतंत्र स्थानके आहेत.

आता उरतो तो घराघरांत चाललेला वाद. “पप्पा, त्यांनी सगळ्या डिझाइनचे फोटो पाठवलेत, व्हिडिओ कॉलवर दाखवतो म्हणतायत, मग जायचं कशाला?” हे वाक्य परभणीच्या कापड दुकानांत आता रोज ऐकू येते. त्यावर वडिलांचे उत्तर ठरलेले असते, की फोटोत रंग दिसतो, पोत दिसत नाही. दोघांचेही खरे आहे. फोटोवरून मागवलेली साडी निम्म्या वेळा चांगलीच निघते. आणि जी निघत नाही ती दिवाळीनंतर सवलतीच्या ढिगात जाते. वडिलांच्या पिढीने मुंबईच्या बाजारात केवळ माल घेतला नाही. गल्लीतून चालताना कोणाच्या दुकानात गर्दी आहे, कोणाचा गुमास्ता बसून माशा मारतो आहे, कोणता रंग तीन दुकानांच्या दर्शनी भागात एकदम आला आहे, हे सगळे त्यांनी टिपले. उधारीची मुदत वाढवून मागायची असेल तर गादीवर समोरासमोर बसून चहा घ्यावा लागतो. तिथे माणूस चेहरा वाचतो. हुंडीच्या काळापासून हा व्यवहार चेहऱ्यावरच चालत आला आहे.

मेट्रोने या वादात एक विचित्र भर घातली आहे. तिने जाणे सोपे केले, म्हणून मुलाचा ‘त्रास नको’ हा मुद्दा पडला. पण तिने बाजार पायाखाली घातला. काळबादेवीहून वांद्र्याला जाणाऱ्याला मधली मुंबई दिसतच नाही: ना गिरगावच्या चाळी, ना ग्रँट रोडची सुट्या भागांची दुकाने, ना वरळीच्या गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले काचेचे मनोरे. टॅक्सीच्या खिडकीतून त्रासाने का होईना, ते दिसत असे, आणि त्यातूनच कोणाला नव्या धंद्याची कल्पना सुचत असे. चतुर माणसाने यावर तोडगा काढावा: जाताना खालून जावे, वेळ वाचवावा, आणि वाचलेल्या वेळात वरच्या दोन गल्ल्या पायी फिराव्यात. ज्या मुलाला फोटोवर भरवसा आहे त्याला एकदा अशा फेरीला बरोबर न्यावे. वाद तिथेच मिटेल असे नाही, पण निदान वाद घालण्याइतकी माहिती त्याच्याजवळ येईल.

माल मात्र मेट्रोने येत नाही. ही गाडी माणसांची आहे, कापडाच्या गाठी तीत चढत नाहीत. त्या पूर्वीसारख्याच हमालाच्या पाठीवरून ट्रान्सपोर्टच्या गोदामात जातात, त्यांची बिल्टी होते, आणि ट्रक कसारा घाट चढून मराठवाड्याच्या वाटेला लागतो. खरेदी करणारा माणूस रात्रीच्या देवगिरीने दुसऱ्या दिवशी परभणीत पोहोचून आंघोळ, दर्शन आटोपून दुकानाच्या गादीवर बसतो. गाठी सोडवायला अजून दोन-तीन दिवस असतात. तोवर तो गिऱ्हाइकांना सांगत राहतो, की माल निघाला आहे.